अपस्मार, पोटॅशियम चॅनेल आणि धन्याचा हिम

दोन वर्षांपूर्वीच्या रोवणीच्या हंगामातील घटना आहे. आमच्या चोरखमारा परिसरातील बावीस वर्षांचा एक तरुण पऱ्ह्यांच्या पेंड्या बांधीत वाहून नेत असताना एकाएकी ताठ झाला आणि चिखलपाण्यात पालथा पडला. रोवणी करणाऱ्या बायांनी त्याला लगेच उताणे करून धुऱ्यावर ओढले, म्हणून तो वाचला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत त्याला आणखी दोन झटके आले. हा रुग्ण फेनिटॉइनच्या गोळ्यांवर तीन वर्षे झटक्यांविना होता.

चौकशी करता कळले की, वडिलांनी पंधरा दिवसांपूर्वी गोळ्या बंद करून धन्याचे पाणी सुरू केले होते. कोथिंबिरीत फिट थांबविणारे द्रव्य अमेरिकेतील शास्त्रज्ञांना सापडल्याची बातमी त्यांना कोणी तरी वाचून दाखविली होती. त्या आधी त्यांनी मला रस्त्यात गाठून विचारलेही होते, "डॉक्टरसाहेब, पोराला धन्याचं पाणी दिलं तर चालेल का?" मी म्हणालो, "चालेल, थंड असतं, अपाय नाही." गोळ्या मात्र चालू ठेवा, एवढे एक वाक्य मी बोललो नाही. त्यांच्या मनात काय आहे हेही विचारले नाही. या घटनेतील माझ्या वाट्याचा दोष मी येथे मान्य करतो.

त्या बातमीमागचे संशोधन खरे आहे. ते २०१९ साली प्रसिद्ध झाले आणि त्याचा विषय मेंदूतील पोटॅशियम चॅनेल हा आहे. ते नीट समजून न घेतल्याने माझ्यासारख्या वैद्याकडून चूक होते आणि रुग्णाच्या जिवावर बेतते. म्हणून ही चॅनेल म्हणजे काय, मेंदूच्या बाह्यकातील चेतापेशींच्या सलग आवेगांवर त्यांचे नियंत्रण कसे असते आणि त्यातून आपल्या व्यवहारासाठी कोणता बोध घ्यावा, याचा ऊहापोह प्रस्तुत लेखात केला आहे.

चेतापेशीतील विद्युत आणि पोटॅशियम

प्रत्येक चेतापेशीच्या आत पोटॅशियम भरपूर व सोडियम अल्प असते. बाहेर याच्या उलट. आत पोटॅशियमचे प्रमाण लिटरमागे सुमारे १४० मिलिमोल, तर मेंदूतील पेशींबाहेरच्या द्रवात ते अवघे ३ मिलिमोलच्या आसपास असते. पेशीच्या आवरणातील पंप तीन सोडियम आयन बाहेर टाकून दोन पोटॅशियम आयन आत घेतो आणि ही तफावत टिकवून धरतो. आवरणात प्रथिनांची बनलेली सूक्ष्म द्वारे असतात, त्यांना चॅनेल म्हणतात. काही द्वारांतून केवळ सोडियम जातो, तर काहींतून केवळ पोटॅशियम. विश्रांतीच्या वेळी पोटॅशियमची काही द्वारे उघडी असल्याने धन प्रभाराचे हे आयन बाहेर झिरपतात आणि पेशीचा अंतर्भाग बाहेरच्या तुलनेत सुमारे ७० मिलिव्होल्ट ऋण राहतो.

इतर पेशींकडून संदेश आले की हा ऋण प्रभार कमी होऊ लागतो. तो एका मर्यादेपर्यंत उतरला की सोडियमची द्वारे एकदम उघडतात, सोडियम आत घुसतो आणि एखाद-दोन सहस्रांश सेकंदाचा विद्युत आवेग उत्पन्न होतो. लगेच सोडियमची द्वारे मिटतात, पोटॅशियमची उघडतात, पोटॅशियम बाहेर पडतो आणि पेशी पूर्वस्थितीला येते. हा क्रम हॉजकिन आणि हक्स्ली यांनी माकूळ जातीच्या सागरी प्राण्याच्या जाड चेतातंतूवर प्रयोग करून १९५२ साली गणितासह मांडला. त्यासाठी त्यांना १९६३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पोटॅशियम चॅनेलची प्रत्यक्ष रचना रॉडरिक मॅकिनन यांनी १९९८ साली एका जिवाणूतील चॅनेलचे स्फटिक तयार करून दाखविली. त्यांना २००३ साली नोबेल मिळाले.

हे समजण्यासाठी आपल्याकडचा मामा तलाव डोळ्यांपुढे आणावा. नाल्यांचे पाणी येऊन तलाव भरतो आणि पातळी ठरावीक उंचीला पोहोचली की सांडव्यावरून लोट निघतो. पाळीत बसविलेल्या तुडुमाला निरनिराळ्या उंचीवर भोके असतात आणि कोणते भोक केव्हा उघडे आहे यावर तलावाची पातळी अवलंबून असते. आत येणारा धन प्रभार हे नाल्याचे पाणी, सांडव्यावरचा लोट हा आवेग आणि तुडुमाची भोके ही पोटॅशियम चॅनेल असे मानले तर पुढचा विषय सोपा होईल. फरक एवढाच की, येथे भोके उघडणारा माणूस नसतो. पेशीतील विद्युतदाब व कॅल्शियम हेच ती उघडतात आणि मिटवतात.

एकच आवेग की आवेगांची मालिका?

एकटा आवेग मेंदूला फारसे काही सांगत नाही. तो किती वेळा, किती वेगाने आणि किती काळ पुन्हा पुन्हा येतो, यात अर्थ असतो. मानवी शरीरात पोटॅशियम चॅनेलच्या प्रथिनांसाठी सुमारे ऐंशी जनुके आहेत. एवढे वैविध्य अन्य कोणत्याही आयनाच्या चॅनेलमध्ये आढळत नाही. त्यांपैकी चार प्रकार आपल्या विषयासाठी महत्त्वाचे आहेत.

१) अतिशीघ्र चॅनेल (केव्ही ३) : आवेग शिखरावर पोहोचल्यावरच ही उघडतात आणि तितक्याच चपळाईने मिटतात. पेशी क्षणात पूर्वस्थितीला येते, सोडियमची द्वारे ताजीतवानी होतात आणि पुढचा आवेग लगेच येऊ शकतो. बाह्यकातील काही निरोधक पेशींत ही विपुल असल्याने त्या न थकता सेकंदाला शेकडो आवेग देऊ शकतात.

२) मोठ्या वाहकतेची चॅनेल (बीके) : यांना उघडण्यासाठी विद्युतदाब आणि कॅल्शियम दोन्ही लागतात. एका द्वारातून जाणारा प्रवाह मोठा असतो. ही आवेगाची रुंदी कमी करतात.

३) लहान वाहकतेची चॅनेल (एसके) : यांना विद्युतदाबाशी कर्तव्य नाही, आवेगाच्या वेळी आत आलेल्या कॅल्शियमने ती उघडतात. प्रत्येक आवेगानंतर थोडा कॅल्शियम साठतो, त्यामुळे आवेग जितके अधिक तितकी ही चॅनेल अधिक उघडतात आणि दोन आवेगांमधील अंतर वाढत जाते.

४) एम चॅनेल (केसीएनक्यू) : आवेगाच्या मर्यादेच्या आधीच ही हळूहळू उघडू लागतात आणि उघडी राहतात. पेशीला मर्यादेपर्यंत सहज जाऊ न देणे हे यांचे काम. डेव्हिड ब्राउन व पॉल अ‍ॅडम्स यांनी १९८० साली बेडकाच्या चेतापेशींत या प्रवाहाचे वर्णन केले.

बाह्यकातील बहुसंख्य उत्तेजक पेशी पिरॅमिडच्या आकाराच्या असतात. अशा पेशीला सतत सारखी उत्तेजना दिली तर आरंभी आवेग दाटीने येतात, मग विरळ होत जातात, कधी थांबतातही. उत्तेजना तशीच असून प्रतिसाद मंदावतो, याचे श्रेय मुख्यतः तिसऱ्या व चौथ्या प्रकारच्या चॅनेलना आहे. पहिल्या प्रकाराचे काम मात्र याच्या उलट दिसते. पोटॅशियम झटपट बाहेर गेल्याने तेथे पुढच्या आवेगाचा मार्ग मोकळा होतो. म्हणजे पोटॅशियमचे बाहेर पडणे हे काही पेशींत लगामाचे, तर काहींत टाचेचे काम करते. कोणते चॅनेल, कोणत्या पेशीत आणि आवेगाच्या कोणत्या क्षणी उघडते यावर सर्व अवलंबून आहे. लेखाच्या उत्तरार्धात या मुद्द्याकडे आपल्याला परत यावयाचे आहे.

चरकाचार्यांनी वातकलाकलीय अध्यायात वायूला मनाचा नियंता आणि प्रणेता असे दोन्ही म्हटले आहे, याचे येथे स्मरण होते. प्राचीनांना ही चॅनेल ठाऊक होती असा दावा मी करीत नाही. तो केल्याने शास्त्राचा गौरव वाढत नाही. आवरणे आणि चालविणे ही एकाच व्यवस्थेची कामे आहेत, हा विचार मात्र वैद्याला परका नाही.

महाराष्ट्रातील लाल विंचू

ही चॅनेल एकमेकांपासून वेगळी ओळखण्यासाठी त्यांतील नेमके एकच बंद करणारे द्रव्य हवे होते. ते ज्या प्राण्यांनी पुरविले, त्यांत आपल्या राज्यातील लाल विंचू आहे. सुश्रुताचार्यांनी कल्पस्थानात विंचवांचे मंदविष, मध्यविष आणि महाविष असे तीन वर्ग केले आहेत. लाल विंचवाचा दंश प्राणघातक ठरू शकतो, हे कोकणाने दीर्घकाळ अनुभवले आहे. महाड येथील डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या दंशाच्या लक्षणांचा अभ्यास करून प्राझोसिन या औषधाचा उपयोग १९८० च्या दशकात 'लॅन्सेट' या नियतकालिकातून जगापुढे मांडला. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. दंशानंतरचा घाम, थंड पडणारे हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि फुप्फुसात साचणारे पाणी ही लक्षणे मुख्यत्वे विषातील सोडियम चॅनेलवर काम करणाऱ्या घटकांमुळे उद्भवतात.

त्याच विषात पोटॅशियम चॅनेल बंद करणारे अल्पांश घटकही असतात. १९९० साली त्यातून ३७ अमिनो आम्लांचे 'आयबेरिओटॉक्सिन' वेगळे करण्यात आले. ते बीके चॅनेल बंद करते. २००२ साली ३१ अमिनो आम्लांचे 'टॅमापिन' सापडले. ते एसके चॅनेल बंद करते. मधमाशीच्या विषातील १८ अमिनो आम्लांचे 'अपॅमिन' हेही एसके चॅनेलवरच काम करते. पिरॅमिडाकार पेशींवर टॅमापिन वापरल्यावर आवेगानंतरची विश्रांती घटते, असे प्रयोगात दिसले. कोणता लगाम कोणता, हे शास्त्रज्ञांना अशा रीतीने एकेक लगाम काढून पाहिल्यावर कळले. तीक्ष्ण विषही युक्तीने योजले तर उपयोगी पडते, या आपल्या सिद्धान्ताचे हे प्रयोगशाळेतील उदाहरण म्हणावे लागेल.

टिकणारे आवेग, स्मृती आणि धत्तूर

आवेगांची मालिका नेहमीच लवकर थांबावी असे नाही. एखादी गोष्ट काही क्षण मनात धरून ठेवताना मेंदूच्या अग्रभागातील बाह्यकात काही पेशी त्या अवधीत सतत आवेग देत राहतात, हे १९७१ साली माकडांवरील प्रयोगांत अमेरिका व जपान येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे दाखविले. रुग्णाने सांगितलेली मात्रा घरी जाईपर्यंत लक्षात ठेवायची असेल, तर लगाम थोडा सैल व्हावा लागतो.

हे काम अ‍ॅसिटिलकोलीन हे चेतारसायन करते. ते मस्करिनी ग्राहींवर काम करून एम चॅनेल मिटविते. या चॅनेलच्या नावातील 'एम' तेथूनच आला. नॉरअ‍ॅड्रिनॅलीन हे दुसरे रसायन आवेगमालिकेनंतरची दीर्घ विश्रांती कमी करते. जागृती, अवधान आणि स्मृती यांच्यासाठी अशी तात्पुरती ढील आवश्यक असते.

धत्तूराच्या बियांतील अ‍ॅट्रोपिन व स्कोपोलामिन ही द्रव्ये नेमके मस्करिनी ग्राही अडवितात. धत्तूर अधिक गेल्यावर येणारा मोह, प्रलाप आणि स्मृतिभ्रंश यांची अनेक कारणे आहेत. अ‍ॅसिटिलकोलीनला एम चॅनेल मिटविता न येणे हे त्यांतील एक कारण होय. धत्तूराच्या शोधनाचा आणि मात्रेचा आग्रह ग्रंथांनी का धरला, हे यावरून पुन्हा पटते. कनकासवात धत्तूर असतो. स्मृती मंदावलेल्या वृद्धास तो देताना घरच्यांना पूर्वसूचना द्यावी.

लगाम सुटतो तेव्हा

अपस्मारात स्मृती, बुद्धी आणि सत्त्व यांचा विप्लव होतो, असे चरकाचार्य सांगतात. आधुनिक भाषेत, बाह्यकातील असंख्य पेशी एकाच वेळी, एकाच तालात, न थांबता आवेग देऊ लागतात. याची कारणे अनेक आहेत. डोक्याचा मार, जन्मवेळचा गुदमर, मेंदूतील गाठ, तांत्रिकाकृमीचा मेंदूतील प्रादुर्भाव, ही त्यांतील काही. परंतु काही कुटुंबांत कारण थेट पोटॅशियम चॅनेलमध्येच सापडले.

जन्मानंतर पहिल्या आठवड्यातच झटके येणारी आणि काही महिन्यांत बहुधा ते आपोआप थांबणारी बालके काही घराण्यांत पिढ्यान्‌पिढ्या आढळत होती. १९९८ साली त्यांच्यात केसीएनक्यू २ आणि केसीएनक्यू ३ या जनुकांतील दोष सापडले. याच दोन प्रथिनांनी मिळून एम चॅनेल बनते, हेही त्याच वर्षी सिद्ध झाले. या चॅनेलचा प्रवाह सुमारे एक चतुर्थांश कमी झाला तरी झटक्यांना तेवढे पुरते. तीन चतुर्थांश लगाम शाबूत असूनही घोडा उधळतो, असा याचा अर्थ.

झटका सुरू झाल्यावर आणखी एक गोष्ट घडते. प्रत्येक आवेगाबरोबर पोटॅशियम बाहेर पडतो. भोवतालच्या आधारपेशी तो शोषून घेतात. पण आवेगांचा मारा अखंड चालला की त्यांची क्षमता अपुरी पडते आणि पेशींबाहेरचा पोटॅशियम तीनवरून दहा-बारा मिलिमोलपर्यंत चढू शकतो. बाहेर पोटॅशियम साचला की आतला बाहेर जाण्यास ओढ उरत नाही आणि लगाम आणखी ढिला पडतो. खालच्या नाल्यात पाणी तुंबल्यावर तुडूम उघडून उपयोग होत नाही, तसेच हे. दीर्घ झटका अधिक दीर्घ का होत जातो, याचे हे एक कारण आहे. म्हणूनच आक्षेपाचा झटका पाच मिनिटांहून अधिक चालला तर ती आणीबाणी समजावी, नस्याचा किंवा घरगुती उपायांचा प्रयोग करीत बसू नये आणि रुग्ण तत्काळ रुग्णालयात हलवावा.

येथे कोणी म्हणेल, मग पोटॅशियम चॅनेल अधिकाधिक उघडणारे औषध दिले की काम झाले. तसे नाही. २००५ साली एका कुटुंबात बीके चॅनेलचे कार्य वाढविणारा जनुकदोष आढळला आणि त्या कुटुंबातही अपस्मारच होता. या चॅनेलमुळे आवेग आखूड झाला की पेशी लवकर सावरते आणि पुढचा आवेग लवकर देते. वर सांगितलेला मुद्दा तो हाच.

कोथिंबिरीचे संशोधन काय सांगते?

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्व्हाइन येथील संशोधकांनी २०१९ साली कोथिंबिरीच्या पानांतील द्रव्यांची एकेक करून चाचणी घेतली. त्यांतील डोडेसिनल नावाचे एक अल्डिहाइड केसीएनक्यू चॅनेल प्रबळपणे उघडते असे आढळले आणि रसायन टोचून उत्पन्न केलेले झटके त्यामुळे उंदरांमध्ये लांबले. आपल्या विदर्भात जो सांबार रोज भाजीवर पडतो, त्यात असे द्रव्य असावे ही बाब निश्चितच आनंददायक आहे. तथापि वैद्याने पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

पहिली गोष्ट, हा प्रयोग पानांतील द्रव्यावर झाला. पानाचा विशिष्ट गंध अल्डिहाइडांचा असतो. सुकलेल्या धन्याच्या तेलात मुख्यतः लिनालूल असते. धन्याचा हिम दाह, तृष्णा यांवर आपण देतो आणि तो गुणकारी आहे, पण तो त्या प्रयोगातील द्रव्य नव्हे. माझ्या रुग्णाच्या वडिलांनी गोळीऐवजी जे दिले, त्याचा त्या बातमीशी वस्तुतः संबंधच नव्हता.

दुसरी गोष्ट, प्रयोग पेशी आणि उंदीर यांच्यावरचा आहे. अपस्माराच्या रुग्णाला किती पाने, किती वेळा, किती काळ दिली असता काय होते, हे त्यातून ठरत नाही. शुद्ध द्रव्याची प्रयोगातील मात्रा आणि जेवणातील चिमूटभर सांबार यांची तुलना होऊ शकत नाही.

तिसरी गोष्ट, याच गटातील दुसरे चॅनेल हृदयात असते आणि या द्रव्याचा प्रभाव त्यावरही दिसला. चॅनेल उघडणारे द्रव्य केवळ मेंदूपुरते काम करील, असे गृहीत धरता येत नाही.

चौथी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. याच तत्त्वावर आधारलेले रेटिगाबिन नावाचे औषध २०११ साली अमेरिका व युरोप येथे मान्य झाले. ते झटके कमी करीत असे. पण दीर्घ वापरानंतर त्वचा, नखे आणि डोळ्यांच्या पडद्यावर निळसर-करडी छटा येऊ लागली. २०१७ साली ते बाजारातून काढून घेण्यात आले. चॅनेल उघडण्याचे तत्त्व निर्दोष असूनही औषध निर्दोष ठरले नाही.

पोटॅशियम पोटात घेतल्याने काय होते?

काही रुग्ण, आणि क्वचित आपल्यापैकीही काही जण, असे समजतात की पोटॅशियम कमी पडल्याने फिट येते. म्हणून नारळपाणी, केळी, पोटॅशियमचे सायरप किंवा क्षार द्यावेत. यवक्षारात पोटॅशियम कार्बोनेट प्रमुख असते. श्वेत पर्पटीत सूर्यक्षार, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट असते. मूत्रकृच्छ्रात त्यांचे स्थान आहेच. परंतु रक्त आणि मेंदू यांच्यामधील अडसर मेंदूभोवतालचे पोटॅशियम अत्यंत काटेकोरपणे स्थिर ठेवतो. पोटातून दिलेल्या पोटॅशियमने चेतापेशींचे लगाम बळकट होत नाहीत. शिवाय पेशीबाहेर पोटॅशियम वाढणे हे लगाम ढिला करणारे असते, हे आपण वर पाहिले.

त्याचा खरा परिणाम हृदयावर होतो. मूत्रपिंडाचा विकार असलेल्या किंवा एनालाप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन यांसारखी औषधे घेणाऱ्या रुग्णात रक्तातील पोटॅशियम धोकादायक पातळीला जाऊ शकते. श्वेत पर्पटी किंवा यवक्षार देण्यापूर्वी एवढी विचारपूस अवश्य करावी.

गोळी काय करीत होती?

फेनिटॉइन आणि कार्बामाझेपिन ही औषधे सोडियम चॅनेलवर काम करतात. सुट्या आवेगांना ती फारशी अडवीत नाहीत. दाटीने येणारी आवेगमालिका मात्र रोखतात. तलावाच्या भाषेत, पूर येईल तेव्हाच नाल्याचे तोंड आवळणारी ही व्यवस्था आहे. रुग्णाच्या पेशींचा मूळ दोष तसाच असतो. औषध रक्तात आहे तोवर तो आवरला जातो. गोळी एकाएकी बंद केली की पूर पुन्हा येतो आणि पुष्कळदा एकामागून एक, मध्ये शुद्ध न येता झटके येतात. या अवस्थेत मृत्यूही ओढवतो. तीन वर्षे झटका आला नाही म्हणजे रोग गेला, असा समज घरच्यांचा होणे स्वाभाविक आहे. तो दूर करणे आपले काम आहे.

औषध रक्तात किती आहे यावर आपल्या औषधांचाही परिणाम होतो. मुंबईतील के. ई. एम. रुग्णालय व सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालय येथील अभ्यासकांनी १९९२ साली प्रसिद्ध केलेला निबंध या संदर्भात प्रत्येक वैद्याने माहीत करून घ्यावा असा आहे. फेनिटॉइनवर स्थिर असलेल्या दोन रुग्णांनी शंखपुष्पीचे सायरप सुरू केले आणि त्यांचे झटके परत आले. उंदरांवरील प्रयोगात काही मात्रांनंतर रक्तातील फेनिटॉइनचे प्रमाण घटलेले दिसले. शंखपुष्पी ही मेध्य म्हणून आपली आवडती वनस्पती. ती हितबुद्धीने दिली जाते आणि तरीही हे घडले. उलटपक्षी मिरी व पिंपळीतील पायपेरिन फेनिटॉइनचे शोषण वाढविते. फेनिटॉइनची उपयुक्त मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर थोडे असल्याने कमी-अधिक दोन्ही बाजूंनी धोका संभवतो.

वैद्य आणि औषधविक्रेते यांच्यासाठी

१) अपस्माराचा रुग्ण कोणत्याही तक्रारीसाठी आला तरी चालू गोळ्यांची चिठ्ठी पाहावी आणि गोळ्या बंद करू नका, हे स्पष्ट शब्दांत, शक्यतो चिठ्ठीवर लिहून सांगावे. कमी करावयाच्या असतील तर तो निर्णय त्या गोळ्या देणाऱ्या तज्ज्ञाने सावकाश घ्यावयाचा असतो.

२) शंखपुष्पी, त्रिकटुयुक्त कल्प किंवा अन्य मेध्य औषधे देण्यापूर्वी फेनिटॉइन चालू आहे काय, हे विचारावे. दुकानदाराने मेध्य सायरप मागणाऱ्या गिऱ्हाइकाला हाच प्रश्न करावा. परीक्षेच्या दिवसांत ही सायरपे चिठ्ठीविना सर्वाधिक खपतात, तेव्हा तर आवर्जून.

३) विषतिंदुक वटीसारखे कुपीलूचे कल्प अपस्माराच्या रुग्णात टाळावेत. कुचल्यातील स्ट्रिकनीन सुषुम्नेतील निरोध काढून घेते. तोही एक लगामच आहे.

४) गोळ्यांचे नियमित गिऱ्हाईक महिनाभर फिरकले नाही, तर दुकानदाराने त्याची चौकशी करावी. खेड्यात ते अवघड नाही. रोवणी आणि कापणीच्या दिवसांत खंड पडण्याचा संभव अधिक असतो.

५) अपस्माराच्या रुग्णाने एकट्याने तलावावर किंवा विहिरीवर जाऊ नये, झाडावर चढू नये, चुलीजवळ एकटे बसू नये. हे पथ्य आहारपथ्याइतकेच महत्त्वाचे मानावे.

६) आहारातील सांबार, धने यांना मज्जाव नाही. केवळ त्यांना गोळीची जागा देऊ नये.

तो तरुण आज पुन्हा गोळ्यांवर आहे आणि त्यानंतर त्याला झटका आलेला नाही. गेल्या उन्हाळ्यात त्याचे वडील दवाखान्यात आले आणि उन्हाळी लागली म्हणून धन्याचे पाणी द्यावे का, असे त्यांनी थोडे बिचकतच विचारले. मी द्या म्हणालो, आणि मग गोळ्यांची पट्टी दाखविण्यास सांगून उरलेल्या गोळ्या त्यांच्यासमोर मोजल्या. हिशेब बरोबर होता. आपल्या सभासदांनीही आपल्याकडील अपस्माराच्या रुग्णांच्या बाबतीत एवढे केले, तर हा लेख लिहिल्याचे सार्थक होईल.